दोन रुपयांच्या नाण्याएवढा दाब

साशंक : म्हणजे तासभर तुम्ही टेबलावर उताणे पडून होतात. अंगावर सगळे कपडे. फक्त पट्टा, घड्याळ आणि चष्मा काढलेला. बाईंनी आधी घोटे धरले, मग कमरेखाली हात सरकवला, मग बरगड्यांवर ठेवला आणि शेवटची वीस मिनिटं तुमचं डोकं ओंजळीत घेऊन बसल्या. तेल नाही, रगडणं नाही, कटकन मान मोडणं नाही. याचे दीड हजार, आणि असं चार वेळा. पैसे तुमचे, त्याबद्दल मी बोलत नाही. मी तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी अडचण वेगळी आहे. त्या तासात तुम्हाला काय वाटलं ते सांगा, आणि काय झालं म्हणून तुम्हाला सांगण्यात आलं तेही सांगा. फक्त दोन्ही एकाच वाक्यात नको.

अनुभवी : नको. आधी वाटलं ते. पहिली दहा मिनिटं मी पंख्याकडे बघत हिशेब करत होतो, मिनिटाला पंचवीस रुपये. बँकेतली सवय. मग पोट गुरगुरलं आणि मला ओशाळल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, होऊ दे, बहुतेकांचं होतं. डोक्याखाली हात आले तेव्हा मी झोपलो नव्हतो आणि जागाही नव्हतो. मंगल कार्यालयात पंगत उठल्यावर सतरंजीवर जरा आडवं व्हावं, भांड्यांचा आवाज ऐकू येत असतो पण ती भांडी आपल्याला आवरायची नसतात, तशी ती डुलकी. आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडू नव्हे, कसली आठवणही नव्हे. उताणा होतो म्हणून ते सरळ कानांत गेलं. उठल्यावर दोन ग्लास पाणी प्यालो आणि घरी जाताना कर्वे रोडवर, संध्याकाळी सातच्या गर्दीत, एकदाही हॉर्न वाजवला नाही. माझी डोकेदुखी तुम्हाला माहीत आहे. रोज चारच्या सुमाराला मानेतून वर चढते. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, एमआरआय झाला, काही निघालं नाही. तिसऱ्या वेळेनंतरच्या आठवड्यात ती दोनच दिवस आली. आता सांगण्यात आलेलं. मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी असतं त्याची स्वतःची एक लय असते, मिनिटाला सहा ते बारा वेळा. कवटीची हाडं त्या लयीत किंचित उघडमीट करतात आणि कमरेखालचं त्रिकोणी हाड, सेक्रम, त्यांच्यासोबत डुलतं. कुठे अडकलं की दुखणं. जाणकार बोटांना ती लय लागते आणि पाच ग्रॅम दाबाने ती मोकळी करता येते.

साशंक : पाच ग्रॅम म्हणजे साधारण आपलं दोन रुपयांचं नाणं. ते कपाळावर ठेवून कवटीचं हाड हलतं, असं तुम्ही माझ्यासमोर म्हणत असाल तर मला आधी ही गोष्ट कुठून आली ते सांगावं लागेल. अमेरिकेत मिसुरी राज्यात कर्क्सव्हिल नावाच्या गावी ऑस्टिओपथीचं, म्हणजे हाडं-सांधे हाताने हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचं, पहिलं विद्यालय 1892 साली निघालं. तिथल्या विल्यम सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने सुटी केलेली कवटी पाहिली. कानाजवळच्या हाडाची तासलेली कड त्याला माशाच्या कल्ल्यासारखी वाटली. कल्ला श्वासासाठी असतो, म्हणजे हे हाडही कसल्या तरी श्वासासाठी हलत असणार! एका उपमेवर त्या माणसाने आयुष्य काढलं. स्वतःच्या डोक्याला पट्टे आवळून प्रयोग केले आणि 1939 साली पुस्तक छापलं. पुढे जॉन अपलेजर. मानेच्या एका शस्त्रक्रियेत मदत करताना त्याला मज्जारज्जूवरचं आवरण संथपणे हलताना दिसलं, ते धरून ठेवता येईना. त्याने सदरलँडचा धागा उचलला, ‘क्रेनिओसेक्रल’ हे नाव रूढ केलं आणि 1985 साली फ्लोरिडात संस्था काढली. डॉक्टर नसलेल्यांनाही शिकवायला सुरुवात झाली ती तिथून. तुमच्यापर्यंत हे आलं ते या वाटेने.

अनुभवी : पुण्यापर्यंत यायला त्याला आणखी एक वाट होती. कोरेगाव पार्कात 1974 साली रजनीशांचा आश्रम सुरू झाला. जगभरची माणसं आपापले स्पर्शोपचार घेऊन तिथे आली, त्यात हेही आलं. नाक मुरडू नका. हे गाव या बाबतीत सगळ्यांना थोडी थोडी जागा देत आलेलं आहे. ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, तिथे गांधीजी राहिले. आज तिथे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. अय्यंगारांनी 1975 साली इथेच योगसंस्था उभारली आणि दोऱ्या, पट्टे, खुर्च्या घेऊन जगाच्या पाठी सरळ केल्या. त्यांनाही सुरुवातीला हसलेच असतील लोक.

साशंक : हसले असतील. पण अय्यंगार गुडघा वाकवायला सांगत तेव्हा गुडघा वाकतो की नाही हे शेजारच्यालाही दिसायचं. माझा मुद्दा तोच आहे. तुम्ही ज्याला मेंदूभोवतीचं पाणी म्हणता ते आहे, यात वादच नाही. पाठीतलं पाणी काढतात ना, तेच. मोठ्या माणसात ते एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं आणि दिवसाला पाचशेच्या घरात नव्याने तयार होतं, म्हणजे दिवसातून तीनेकदा सगळं बदलतं. ते हलतंही. हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतं, श्वासाबरोबर हलतं, एमआरआयवर दिसतं. पण या दोन्हींपासून वेगळी, बोटाला लागेल अशी तिसरी लय आहे का? हे तपासणं अवघड नाही. दोन जाणकारांना एकाच माणसाची लय मोजायला लावायची. 1994 साली अमेरिकेत तीन फिजिओथेरपिस्टांनी बारा जणांना तपासलं. एकाच्या आकड्याचा दुसऱ्याच्या आकड्याशी काही मेळ नव्हता. 2001 साली ऑस्ट्रेलियात दोन ऑस्टिओपॅथ एकाच वेळी बसले, एकाचा हात डोक्यावर, दुसऱ्याचा सेक्रमवर. पाणी एक, लय एक, तर आकडा एक यायला हवा होता. नाही आला. नाडी बघताना दोन नर्सचा असा घोळ झाला असता तर आपण एकीला कामावरून काढलं असतं. इथे मात्र ज्याची त्याची लय वेगळी!

अनुभवी : मीही थोडं वाचलं आहे. 2019 साली बॉस्टनच्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा गाढ झोपेत हेच पाणी मोठ्या संथ लाटांनी मेंदूत येताना-जाताना दिसलं. त्याआधी कोणी म्हणालं असतं की झोपेत डोक्यात भरती-ओहोटी चालते, तर तुम्ही त्यालाही वेड्यात काढलं असतं.

साशंक : काढलं असतं, आणि चित्र पाहून माघार घेतली असती. पण ते चित्र पुन्हा बघा. ती लाट साधारण वीस सेकंदांनी एकदा येते, म्हणजे मिनिटाला तीन. तुमच्या बाई मोजतात सहा ते बारा. ती झोपेत दिसली, तुम्ही जागे होतात. आणि ती दिसायला कोट्यवधींचं यंत्र लागलं. नव्या शोधाचं नाव जुन्या दाव्याला चिकटवायचं ही युक्ती मला चांगली ठाऊक आहे. आपल्याकडे पुष्पक विमानापासून चालत आलेली आहे.

अनुभवी : बरं, लय सोडली. समजा ती नाहीच. कारण चुकीचं निघालं म्हणून परिणाम खोटा ठरतो का? दलदलीतल्या खराब हवेने ताप येतो असं समजून लोकांनी दलदली बुजवल्या आणि ताप खरंच कमी झाले. रोनाल्ड रॉसला डासात तो जंतू दिसला 1897 साली, सिकंदराबादेत. तोपर्यंतचा सिद्धान्त चूक, काम बरोबर. माझ्या आजोळी, जुन्नरकडे, पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. पायाकडून जन्मलेला. तो पाठीवरून हलकेच पाय फिरवायचा आणि माणूस उठून कामाला लागायचा. जन्मताना पाय आधी आले याचा माझ्या पाठीशी काय संबंध, हे मला आठव्या वर्षीही कळत होतं. पण मामा उठून बसलेला मी पाहिला आहे.

साशंक : उसण सहसा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते, पायाळू मिळेपर्यंत दीड दिवस गेलेला असायचा. पण तुमचा प्रश्न मी टाळत नाही. दलदलीचं उदाहरण मला मान्य आहे, कारण सिद्धान्त बाजूला ठेवून तापाचे रोगी मोजता येतात. मग इथेही मोजू. 2016 साली जर्मनीतला एक अभ्यास आला, जुनाट मानदुखीचे चोपन्न रुग्ण. निम्म्यांना आठ आठवडे क्रेनिओसेक्रल, निम्म्यांना नुसता हलका हात, कुठलंही तंत्र न वापरता. खऱ्या उपचाराच्या गटाला जास्त आराम पडला, आणि तो तीन महिन्यांनीही टिकला. तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा तो. त्याच मंडळींनी 2019 साली दहा चाचण्या, 681 रुग्ण एकत्र करून दुखण्यात फायदा दिसतो असं लिहिलं.

अनुभवी : हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?

साशंक : कारण पुढचंही सांगावं लागतं. या चाचण्यांत हात ठेवणाऱ्याला माहीत असतं की आपण खरं करतोय की खोटं. गोळी देणाऱ्यापासून गोळी लपवता येते. हातापासून हात कसा लपवणार? खोटा उपचार करणारी व्यक्ती कंटाळते, खरा करणारी तल्लीन असते, आणि रुग्णाच्या मानेला तो फरक कळतो. चाचण्या लहान आहेत. 2024 साली स्पेनमधल्या संशोधकांनी पंधरा चाचण्या पुन्हा तपासल्या आणि कुठल्याही आजारात फायदा नाही असा निष्कर्ष काढला. साधारण त्याच ढिगातून एकाने हो काढलं, दुसऱ्याने नाही. औषध म्हणून मी हे कुणाला लिहून देणार नाही.

अनुभवी : तुम्ही आत्ता काय बोललात ते तुमच्या लक्षात आलं का? खोटा उपचार करणारी कंटाळते आणि मानेला ते कळतं. माझ्या मानेला कळतं ना? मग तेच तर मी चार आठवडे सांगतो आहे. मला चौसष्टावं सरलं. गेल्या दहा वर्षांत माझ्या डोक्याला हात लागला तो कटिंगवाल्याचा, तोही शेवटी मान मोडायला. दवाखान्यात गेलो तर नंबर लागेपर्यंत दीड तास आणि आत तीन मिनिटं. डॉक्टर सज्जन आहेत, पण माझ्याशी बोलताना ते एमआरआयच्या फिल्मशी बोलत होते. मानेला हात लावला नाही. चौदा वर्षं जी मान दुखते तिला!

साशंक : मान मोडून घेऊ नका, ते आधी सांगते. मानेतल्या रक्तवाहिनीला चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. त्या खुर्चीपेक्षा तुमचं टेबल केव्हाही बरं. बाकीच्यावर मी वाद घालणार नाही. 2017 साली सदुसष्ट देशांतल्या डॉक्टरांच्या भेटींचा वेळ कोणीतरी एकत्र मांडला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद, आपण पाच मिनिटांच्या आतल्यांत. मी मुलांना पोट चाचपायला शिकवायचे तेव्हा म्हणायचे, आधी हात गरम करा, मग ठेवा, आणि ठेवल्यावर घाई करू नका. आता सोनोग्राफी आहे म्हणून हात खिशात. हा आमचा दोष आहे. पण त्यावर उपाय म्हणून कोणी कल्ल्याची गोष्ट सांगून तुमच्याकडून तासाचे पैसे घ्यावेत, हे मला पटत नाही. स्पर्श हवा असेल तर स्पर्श म्हणून विका. फलक लावा : ‘इथे तासभर शांतपणे डोकं धरून मिळेल.’ मी स्वतः येईन.

अनुभवी : याल, पण दुसऱ्यांदा याल का? मला शंका आहे. समजा तुम्ही एखाद्या मुलीला पगारावर ठेवलंत, की बाई, लय वगैरे काही नाही, तू फक्त तासभर डोकं धर. ती पाचव्या मिनिटाला खिडकीबाहेर बघेल, दहाव्या मिनिटाला तिला फोन आठवेल. हात तिथेच असेल, पण माणूस नसेल. माझ्या बाई मात्र तासभर हलत नाहीत, कारण त्या काहीतरी ऐकत असतात. लय नसेलही. पण नसलेल्या लाटेची वाट बघत कोणी इतकं निश्चल बसतं, आणि त्या बसण्याने माझी मान सैल पडते. तुम्ही ती गोष्ट खोडून काढलीत तर तो हात उरेल का?

साशंक : आज बोललात त्यातलं हे सगळ्यात वजनदार, आणि मला उत्तर सापडत नाही. त्वचेत हळुवार स्पर्शासाठी वेगळे मज्जातंतू आहेत हे माहीत आहे, पण ते कुरवाळण्याला जास्त दाद देतात. तुमच्या बाईंचा हात तर स्थिर. म्हणजे तिथेही मला सोयीस्कर खुलासा मिळत नाही. तरी मला तीच गोष्ट घाबरवते. जी व्यक्ती तासभर लाटेची वाट बघते तिला ती सापडते. मग तिला अडथळाही सापडतो. तुमच्या बाबतीत तो सेक्रममध्ये सापडला, ठीक आहे, तुम्ही चौसष्टचे, तुमचा एमआरआय आधी झालेला. आता तोच हात दोन महिन्यांच्या बाळावर ठेवा. बाळ रात्री रडतं, दूध नीट ओढत नाही, आई रडकुंडीला आलेली. तिला सांगितलं जातं की प्रसूतीत कवटी दबली आहे, सहा बैठकांत मोकळी होईल.

अनुभवी : आपल्याकडे बाळाच्या डोक्याला हात लावणं नवीन नाही. आंघोळ घालणारी बाई टाळू भरते, कोमट तेलाचा बोळा ठेवते, डोकं गोल यावं म्हणून तळव्याने घडवते. माझंही घडवलं, तुमचंही घडवलं असेल.

साशंक : घडवलं असणार, कारण तेव्हा हाडं खरोखर सुटी असतात. बाळ साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत टाळू भरते. क्रेनिओसेक्रलच्या सिद्धान्तातलं तेवढं एक वाक्य बाळापुरतं खरं आहे. म्हणूनच तिथे जोखीम आहे. काही बाळांत कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, मेंदूला वाढायला जागा राहत नाही. तिथे शस्त्रक्रियेचं वय निघून जाऊ देता येत नाही. कुणाच्या डोक्यात पाणी साठत असतं, टाळू फुगलेली असते. आंघोळवाली बाई अशी टाळू पाहिली की सासूला हाक मारायची, ‘अहो, हे वेगळं दिसतंय, डॉक्टरला दाखवा.’ तिच्याकडे सिद्धान्त नव्हता, त्यामुळे तिला संशय यायला मोकळीक होती. ज्याच्याकडे प्रत्येक डोक्याचा खुलासा तयार आहे त्याला संशय कशाला येईल? 2009 साली नेदरलँड्सच्या वैद्यकीय नियतकालिकात एका तीन महिन्यांच्या बाळाच्या मृत्यूची नोंद आली. याच नावाखाली उपचार झाला होता.

अनुभवी : ते मी वाचलं आहे. तिथे मान आणि पाठ खोल वाकवली होती. पाच ग्रॅमचा उपचार नव्हता तो.

साशंक : नव्हता. पण नाव तेच होतं, आणि नावावर कोणाचंच नियंत्रण नाही हीच तर तक्रार. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेत नोंदणी होते, चुकला तर तक्रार करायला दार आहे. या उपचाराला असं स्वतःचं दार नाही. 1954 चा जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा ताईत-मंत्रांवर बेतलेला. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा, ज्यासाठी दाभोलकरांनी आयुष्य वेचलं, तो अघोरी प्रकारांसाठी. शांतपणे डोकं धरणाऱ्या बाईला त्यात ओढावं असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते, टेबलावर झोपणाऱ्यावर.

अनुभवी : मग सांगा, मी काय विचारू? वाद घालायला नको, मला तिथे पुन्हा जायचं आहे.

साशंक : पहिलं, त्यांचं मूळ शिक्षण काय आणि कुठल्या परिषदेत नोंदणी आहे. दुसरं, कोणत्या रुग्णाला त्या हात न लावता परत पाठवतात. मेंदूत रक्तस्राव झालेला, रक्तवाहिनीला फुगा असलेला, नुकतीच डोक्याला इजा झालेला, हे तरी त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. कोणालाच परत पाठवत नसतील तर तुम्ही परत या. औषधं बंद करा म्हणाल्या तरीही. आणि तुमच्यासाठी : डोकेदुखीची जात बदलली, अचानक आयुष्यात कधी नव्हती अशी कळ आली, ताप येऊन मान आखडली, एक हात बधिर झाला, डोळ्यापुढे दोन दोन दिसलं, तर तडक रुग्णालय. त्या दिवशी टेबल नाही.

अनुभवी : आणि लयीबद्दल विचारू का? की दोघींनी एकदम हात ठेवले तर आकडा एक येईल का?

साशंक : तुम्हाला उत्तर ऐकायचं आहे का, ते ठरवा. मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं, आणि बहुधा मग मला डुलकी लागली नसती.

अनुभवी : गुरुवारी साडेपाचची वेळ घेतलेली आहे. रद्द करायची तर चोवीस तास आधी कळवावं लागतं. अजून कळवलेलं नाही.